काकाजींचा प्रश्न: आफ्रिकेत चालते ती शिकार यवतमाळात का नाही?

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि एसटीत बसून वाचणाऱ्यांसाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी गप्पा त्याच.

सुरुवात एका रीलपासून. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण आमचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या जवळ. डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकून गेलो होतो. सकाळी चहा पिताना माझ्या चुलतभावाने मोबाईल पुढे केला. दक्षिण आफ्रिकेतला व्हिडिओ होता. खाकी कपड्यातले आई-बाप, दोन शाळकरी पोरं आणि त्यांच्यापुढे पडलेला भलामोठा कुडू. कुडू म्हणजे तिकडचा पिळदार शिंगांचा हरणासारखा प्राणी. चौघं हसत फोटो काढत होते. खाली लिहिलेलं: राहणं, जेवण आणि शिकार, सगळं एकाच पॅकेजात. म्हणजे आपण कोकणात जातो तशी ही कौटुंबिक सहल, फक्त बंदुकीसकट.

काकाजींनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग मला म्हणाले, "जनावर बी मारते, अन् वरून पैसे बी देते? मंग आपल्याकडे असं कायले नाही रे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच पहाटे ते वावरातून जागल करून आले होते. आदल्या आठवड्यात रोह्यांच्या कळपाने त्यांच्या दीड एकरातला हरभरा असा खुडला होता, जणू कोणी कात्री घेऊन बसलं होतं. मी 'कायद्याने बंदी आहे' एवढं म्हणून सुटू पाहिलं. पण काकाजी म्हणाले, "ते तं मले बी ठाव आहे. कायले, ते सांग." म्हणून हा भाग.

आधी नावं नीट लावू

मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. चितळ, सांबर आणि भेकर हे एका कुळातले. यांच्या नराची शिंगं गळतात आणि नवीन येतात. चितळ-सांबराच्या शिंगांना फांद्याही असतात. दुसरं कुळ गाय-म्हैस-शेळीचं. त्यातल्या रानटी, चपळ मंडळींना इंग्रजीत अँटिलोप म्हणतात, शास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'कुरंग' हा शब्द भेटतो. यांच्या शिंगाच्या आत हाड असतं आणि वर नखासारखं कठीण आवरण. ते शिंग आयुष्यभर तेच राहतं, त्याला फांद्या फुटत नाहीत.

महाराष्ट्रात असे कुरंग चार: काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि आमचा रोही. रोही म्हणजेच नीलगाय. आशियातला हा सर्वांत मोठा कुरंग. नराचं वजन दोनशे किलोच्या पुढे जातं, रंग निळसर करडा, गळ्यावर पांढरा डाग आणि त्याखाली दाढीसारखा केसांचा झुपका. मादी तपकिरी आणि बिनशिंगाची. थोडक्यात, काकाजींच्या हरभऱ्यात रात्री घुसणारा प्राणी आणि त्या रीलमधला कुडू हे लांबचे भाऊबंद आहेत. त्यामुळे प्रश्न बरोबर जागी लागला होता.

आबाजींची भरमार

आमच्या घरातही शिकारीची सहल निघायची. काकाजी सहा-सात वर्षांचे असतील, म्हणजे १९७० च्या आसपासची गोष्ट. आबाजींकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, पीक राखायला म्हणून परवाना असलेली भरमार होती. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक, नळीत दारू आणि छर्रे ठासून उडवायची. पहाटे बैलबंडी जुंपायची, मागे गवत टाकायचं आणि पोरांना त्यात बसवायचं. बंडी का? कारण काळवीट पायी चालणाऱ्या माणसाला लांबून ओळखतं आणि पळतं, पण बैलबंडीला बुजत नाही. बंडी रोज तिथून जाते, तिच्यापासून कधी धोका झालेला नसतो. त्या सवयीचा फायदा घ्यायचा.

हीच युक्ती आपल्याकडच्या फासेपारध्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ते शिकवलेली गाय पुढे चालवायचे आणि तिच्या आडून कळपाच्या जवळ जायचे, वाटेवर फासे मांडायचे. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा अनेक समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं, लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. आणि दुसरीकडे त्याच काळविटाची शिकार संस्थानिकांसाठी दरबारी खेळ होती. कोल्हापूर दरबारात तर पाळीव चित्ते होते. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना गाडीतून माळावर न्यायचे, कळप दिसला की पट्टी काढायची. पुढे देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून मागवले गेले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. शिकार एकच, पण राजाने केली तर शौक आणि पारध्याने केली तर गुन्हा, हे लक्षात ठेवा. आजही गावात शिकारीचा संशय आधी कोणावर जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आबाजींच्या वेळी नियम नव्हते असं नाही. पण पहाटेच्या माळावर नियम बघायला कोण येणार? काकाजींना त्या सहलीतलं दोनच गोष्टी आठवतात: बंडीतल्या गवताचा वास आणि परतताना बैलांच्या पायात आलेलं रक्त. ज्या माळावर ते गेले होते तिथे आता सोयाबीन होतं. काळवीट तिथे काकाजींनी गेल्या तीस वर्षांत पाहिलेलं नाही. ते बघायचं तर शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात जावं लागतं.

कायदा नेमकं काय म्हणतो

बहुतेकांना वाटतं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एका झटक्यात बंद केली. तसं नाही. मूळ कायद्यात काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने काढून टाकले. हौसेची शिकार खऱ्या अर्थाने तेव्हा संपली.

शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, हेही समजून घ्या. फासा लावणं, आमिष ठेवणं, पकडणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे.

आता महत्त्वाचा फरक. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं तुरुंगवास, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. कोणी म्हणालं की काळवीट माझं पीक खातं, तरी त्यासाठी ते मारायची परवानगी मिळत नाही. रोही मात्र दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो उभ्या पिकाला धोकादायक ठरला असेल तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी कारणं नोंदवून, लेखी आदेशाने, ठरावीक क्षेत्रात त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. हे कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे.

म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण त्या दारातून सहल जाऊ शकत नाही. कारण कलम ३९ प्रमाणे मारलेला किंवा मेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. मांस खायचं नाही, विकायचं नाही, शिंगं भिंतीवर लावायची नाहीत. परवानगी मिळालीच तर ती पीक वाचवण्यापुरती, त्यातून एक रुपयाही कमवता येत नाही. २०१६ मध्ये बिहारात केंद्राच्या परवानगीने नेमबाज आणून रोही मारले गेले, तेव्हा दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत जाहीर वाद झाला होता. तीही सरकारी मोहीम होती, पर्यटन नव्हतं.

आफ्रिकेत ते कसं चालतं

गंमत म्हणजे 'सफारी' हा शब्द आपल्याला परका नाही. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास, आणि तो आला अरबी 'सफर'वरून. आपलीही सफर तिथलीच.

पण सगळ्या आफ्रिकेत शिकार चालते हा गैरसमज आहे. केनियाने १९७७ मध्येच ती बंद केली. बोट्सवानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. दक्षिण आफ्रिकेचं उत्तर वेगळं आहे. तिथे १९९१ च्या एका कायद्याने जमीनमालकाला, त्याने जमिनीला पुरेसं कुंपण घातलं असेल तर, आतल्या वन्यप्राण्यांची मालकी मिळते. योगायोग बघा, ज्या वर्षी आपण शिकारीचे परवाने रद्द केले त्याच वर्षी त्यांनी जनावराला मालक दिला.

एकदा मालक मिळाला की हिशेब बदलतो. हजारो हेक्टरांचा मालक गुरं काढून कुडू आणि इम्पाला वाढवतो, शिकाऱ्याकडून जनावरामागे पैसे घेतो, मांस विकतो. नामिबियात १९९६ पासून गावांच्या सामायिक जमिनीवरही असे हक्क मिळाले आणि उत्पन्नाचा वाटा गावाकडे येऊ लागला. यावर टीका भरपूर आहे. कुंपणात वाढवून कुंपणातच मारलेल्या जनावराला शिकार म्हणायचं का, हा वाद तिकडेही पेटलेला आहे. पण मूळ यंत्रणा साधी: जो जनावराला चारतो, त्याच्या हातात पैसा येतो.

आता खरा धक्का. आपला रोहीसुद्धा या धंद्यात आहे! अमेरिकेत, टेक्सासच्या दक्षिणेला, गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात किंग रँच नावाच्या प्रचंड गुरांच्या फार्मवर रोही नेऊन सोडले गेले. ते तिथे इतके रुळले की आज त्यांची संख्या हजारोंत आहे. तिथे तो परदेशी प्राणी, म्हणून जमीनमालक त्याच्या शिकारीचे पैसे घेतो. कुटुंबं सुट्टीत जातात, रोही मारतात, त्याचं मांस हॉटेलात मिळतं. हे सांगितल्यावर काकाजी थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे तिकडं गेला अन् श्रीमंत झाला!"

मग इथे का नाही?

भावनेचा मुद्दा आपण बाजूला ठेवू. माझी स्वतःची बाजू विचाराल तर मला त्या रीलमधलं हसू बघवलं नाही. पण काकाजींना माझी भावना नको होती, कारण हवं होतं.

पहिलं कारण जमीन. आमची शेती सात एकर. शेजाऱ्याची चार, त्याच्या पलीकडच्याची अडीच. रोह्याचा कळप एका रात्रीत अशा दहा-पंधरा वावरांतून फिरतो. समजा, मालकी द्यायचं ठरलं. मग मालक कोण? ज्याच्या नाल्यात तो दिवसा बसतो तो, ज्याच्या हरभऱ्यात तो वाढला तो, की ज्याच्या धुऱ्यावर तो पडला तो? पाच मिनिटांत गावात डोकी फुटतील. आफ्रिकेचं गणित कुंपणावर उभं आहे आणि आपलं गाव धुऱ्यांवर.

दुसरं कारण माणसं. रोही रात्री येतो, आणि रात्री प्रत्येक दुसऱ्या वावरात कोणीतरी जागलीला झोपलेलं असतं. रायफलची गोळी जनावराला चुकली तर ती धुऱ्यावर थांबत नाही. जिथे मैलभर माणूस नाही तिथे बंदूक चालवणं वेगळं.

तिसरं कारण वाघ. टिपेश्वर अभयारण्य आमच्या गावापासून लांब नाही. जेमतेम १४९ चौरस किलोमीटरचं हे जंगल. तिथला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि तीन हजार किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून आपल्याला कळलं. नाव पडलं वॉकर. तो चालला कुठून? बहुतेक आपल्याच शेतांतून आणि नाल्यांतून. त्या वाटेवर त्याला खायला रोही आणि रानडुक्कर लागतात. ते पैसे घेऊन मारले तर वाघाने गावात काय खावं, हे वेगळं सांगायला नको.

आमची सफारी

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही टिपेश्वरला गेलो. मीच बुकिंग केलं होतं. सुन्ना गेटवर काका, काकू, भाऊ, वहिनी, त्यांची आठ वर्षांची पोरगी आणि मी, सगळे शाली-स्वेटरात गुंडाळलेले. पोरगी चितळ दिसलं की "हरीण!" म्हणून ओरडायची आणि मी तिला कालचा धडा ऐकवायचो. तिसऱ्या वेळी तिने कानावर हात ठेवले.

मग एका वळणावर रोह्याचा नर उभा. सकाळच्या उन्हात तो खरंच निळा दिसत होता. गाईडने नुसतं "रोही" म्हटलं आणि जिप्सी पुढे जाऊ लागली. वाघाच्या मागे असलेल्या जिप्सीत रोह्यासाठी कोणी थांबत नाही. काकाजी म्हणाले, "थांबव ना बापा गाडी." उभे राहून त्यांनी त्याला नीट पाहिलं. "हा तं आपल्याच धुऱ्यावरचा वाटते."

सगळे हसले, गाईडसुद्धा. काकाजी हसले नाहीत. हळूच मला म्हणाले, "इथं याले पाहाले आपण पैसे भरले नं? अन् तिकडं मी चारतो, थे कोणाच्या खात्यात?"

माझ्या दोन दिवसांच्या वाचनापेक्षा हे वाक्य सरळ होतं. कायदा काळविटाला आणि रोह्याला वाचवतो, ते बरोबरच आहे. तो नसता तर ते आमच्या माळावरच्या काळविटासारखे सगळीकडूनच गेले असते. पण वाचलेल्या जनावराच्या चाऱ्याचं बिल कोणीतरी भरतं. आफ्रिकेत चारणारा आणि कमावणारा एकच असतो. आपल्याकडे कमाई गेटवर होते आणि चारा वावरात जातो. शेतकऱ्याला शिकारीचा हक्क हवा आहे असं आपल्याला वाटतं. त्याला खरं तर या बिलातला वाटा हवा आहे.

तोवर काय करायचं?

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी.

एक, नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, खुरांचे ठसे आणि लेंड्यांसकट. रोही ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, तो ढीग चांगला पुरावा असतो. वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात लगेच अर्ज द्या, कारण भरपाईला मुदत असते आणि पंचनाम्याआधी वावर नांगरलं तर हातात काही उरत नाही. भरपाई मिळते. फक्त जागलीच्या रात्रींसाठी त्या अर्जात रकाना नसतो.

दोन, तारेत थेट लाईन कधीही सोडू नका. मी इंजिनिअर म्हणून सांगतो. घरची लाईन २३० व्होल्टची असते आणि ती सतत वाहते. पकडलेला हात सुटत नाही. त्याने वाघही मरतो आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही. झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर चालतं, व्होल्टेज जास्त देतं पण सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरतं, मग थांबतं, मग पुन्हा. त्या थांब्यात जनावर मागे सरकतं. इजा होत नाही, धडा मिळतो. सौर कुंपणासाठी सरकारी योजनांत अनुदानही असतं, गावच्या वनरक्षकाला विचारा. मात्र तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून खालचं गवत दर आठवड्याला कापायचं. अर्धी मशीनं याच आळसाने वाया जातात.

तीन, सफारीला गेलात तर गाईडला वाघाबरोबर हेही विचारा: जवळच्या शेतात रोही येतो का, लोक काय करतात? तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला एपिसोड ऐकवेल.

त्या रात्री मी काकाजींबरोबर जागलीला गेलो. मचाणावर दोन गोधड्या, एक टॉर्च आणि पत्र्याचा डबा. दोनच्या सुमाराला नाल्याकडून खुरांचा आवाज आला. टॉर्च मारला तर सात-आठ जोड्या डोळे हिरवे चमकले. काकाजींनी डबा बडवला, एक अस्सल शिवी हासडली आणि कळप शेजारच्या वावराकडे वळला. मग पाच मिनिटांनी तिकडून डबा वाजला. मग त्याच्या पलीकडून. रात्रभर तो कळप असा डब्याडब्याने पुढे जात राहिला.

मी झटका मशीनचे पैसे देऊन आलोय, ते बसलंही आहे. पुढच्या वर्षी त्या दीड एकरात हरभरा पेरायचा की नाही, हे काकाजींनी अजून ठरवलेलं नाही. ज्वारी तर त्यांनी केव्हाच सोडली.

तुमच्या गावाकडे रोह्याला काय म्हणतात आणि तुमच्या घरचे रात्री काय करतात, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवीन. तोवर काळजी घ्या, आणि गावी फोन केला तर "पीक कसं आहे?" याच्यानंतर "झोप झाली का?" हेही विचारा.